वादळाचा नकाशा आणि जखमेचा पत्ता

अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात एंडरलिन नावाचे छोटे गाव आहे. २० जून २०२५ च्या रात्री त्याच्या आसपास टोर्नॅडो आला आणि तीन माणसांचा बळी घेऊन गेला. जवळच्या लोहमार्गावरील मालगाडीचे डबे त्याने उलटवलेच, शिवाय एक रिकामा टँकर डबा उचलून सुमारे १४५ मीटर अंतरावर नेऊन टाकला. तिथल्या हवामान खात्याने सुरुवातीला या वादळाला ईएफ-३ असा दर्जा दिला होता. ऑक्टोबरमध्ये तो बदलून ईएफ-५, म्हणजे मोजपट्टीवरचा सर्वोच्च दर्जा देण्यात आला आणि वाऱ्याचा वेग ताशी २१० मैलांहून, म्हणजे साधारण ३४० किलोमीटरहून अधिक असावा असे जाहीर झाले. ओक्लाहोमातील मूर शहरावर मे २०१३ मध्ये आलेल्या टोर्नॅडोनंतर, बारा वर्षांत हा दर्जा कोणत्याही वादळाला मिळाला नव्हता.

जूनमध्ये येऊन गेलेल्या वादळाची ताकद ऑक्टोबरमध्ये कशी वाढली, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर सोपे आहे. टोर्नॅडोचा वेग बहुतेक वेळा कोणी मोजलेलाच नसतो. मोजणारे यंत्र नेमके त्याच्या वाटेत असण्याची शक्यता फार थोडी, आणि असले तरी ते टिकत नाही. त्यामुळे वादळ गेल्यावर मागे काय उरले ते पाहून वेग ठरवायचा, हीच पद्धत. एंडरलिनला अभियंत्यांनी त्या टँकर डब्याचे वजन, आकार आणि तो पडला ती जागा यांचा हिशेब मांडला, तेव्हा कुठे वाऱ्याचा खरा जोर कळला. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण मागून शोधतात, तसाच हा प्रकार. आणि शवविच्छेदनासारखेच इथेही सारे काही कोणती गोष्ट नेमकी कुठे सापडली, या नोंदीवर अवलंबून असते. ही नोंद म्हणजेच नुकसानीचा नकाशा. तो हवामानशास्त्राच्या कामाचा आहे हे उघडच आहे. पण गेल्या काही वर्षांत तो रुग्णालयांच्याही किती कामाचा आहे, ते दिसू लागले आहे.

आपल्याकडे बातम्यांत टोर्नॅडो आणि चक्रीवादळ या शब्दांची सरमिसळ होते, म्हणून थोडा खुलासा. चक्रीवादळ समुद्रावर तयार होते, शेकडो किलोमीटर पसरते, काही दिवस टिकते आणि त्याचा मार्ग आधी सांगता येतो. टोर्नॅडो हा गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा. त्याची रुंदी बहुधा काहीशे मीटर, क्वचित काही किलोमीटर; आयुष्य काही मिनिटांचे, फार तर तास-दोन तासांचे. रस्त्याच्या एका बाजूची घरे भुईसपाट आणि दुसऱ्या बाजूच्या दोरीवरचे कपडे जागेवर, असे त्याच्याबाबतीत घडू शकते. म्हणूनच अमुक जिल्ह्यात टोर्नॅडो आला, इतक्या ढोबळ माहितीचा उपयोग नसतो. कोणत्या गल्लीत आला हे कळावे लागते.

या नकाशांची सुरुवात एका जपानी शास्त्रज्ञापासून झाली. तेत्सुया फुजिता १९४५ मध्ये कोकुरा शहराजवळच्या महाविद्यालयात शिकवत होते. दुसऱ्या अणुबॉम्बचे मूळ लक्ष्य कोकुराच होते. तिथे खालचे काही दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. पुढे फुजिता नागासाकी आणि हिरोशिमाच्या पाहणीला गेले. झाडे आणि खांब कोणत्या दिशेला पडले वा भाजले आहेत, यावरून स्फोट किती उंचीवर झाला याचा अंदाज त्यांनी बांधला. ही नजर घेऊन ते अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले. १९७१ मध्ये त्यांनी टोर्नॅडोची एफ-० ते एफ-५ ही मोजपट्टी सुचवली. ३ आणि ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत अमेरिकेत १४८ टोर्नॅडो आले आणि तीनशेहून अधिक माणसे मेली. तेव्हा फुजिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान विमानांतून त्या वाटांची पाहणी केली आणि प्रत्येक वाट कागदावर उतरवली. २००७ पासून वापरात असलेली सुधारित मोजपट्टी तीच ईएफ. तिच्यात २८ प्रकारच्या वस्तूंची यादी आहे. घर, शाळा, गोदाम, विजेचा खांब यांच्या बरोबरीने त्यात झाडांनाही स्थान आहे.

फुजितांच्या काळात जे काम डोळ्यांनी आणि पेन्सिलीने होत होते, ते आता उपग्रह, ड्रोन आणि जीआयएस या संगणकीय नकाशापद्धतीने होते. त्यातली मूळ कल्पना समजायला अवघड नाही. हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परत फेकते. उपग्रह हे किरण टिपतो. वादळाच्या आधीचे आणि नंतरचे चित्र एकावर एक ठेवून फरक काढला, की जिथली झाडे मोडली तिथे हिरवेपणा एकदम घटलेला दिसतो आणि वादळाची वाट हिरव्या कापडावर कात्री चालवावी तशी उमटते. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह १० मीटर बारकाव्याने ही चित्रे काढतात आणि कोणालाही फुकट देतात. अर्थात नांगरलेल्या काळ्या रानात किंवा पानगळीनंतर ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे ड्रोन किंवा पायी पाहणी लागते. पाहणी करणारी माणसे आता हातातल्या फोनवरच प्रत्येक मोडक्या घराचा फोटो आणि अक्षांश-रेखांश नोंदवतात.

नकाशाची खरी ताकद एका चित्रात नसते, थरांत असते. खाली डोंगर-दऱ्यांचा थर, त्यावर जंगल, शेती आणि वस्तीचा, त्यावर घरांच्या प्रकाराचा आणि सर्वांत वर नुकसानीचा. हे थर एकावर एक ठेवले की जुन्या समजुती तपासता येतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहराला लागून बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे. ती शहराला टोर्नॅडोपासून वाचवते, अशी तिथे पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती. ८ जून १९६६ रोजी एफ-५ दर्जाचा टोर्नॅडो नेमका त्या टेकडीवरून शहरात उतरला. डोंगराळ मुलुखात टोर्नॅडो येतच नाही, हीसुद्धा अशीच समजूत. जुलै १९८७ मध्ये वायोमिंगच्या टेटन आणि यलोस्टोन भागातल्या उंच जंगलातून टोर्नॅडो गेला. तिथे घरे नव्हतीच. फुजितांनी केवळ पडलेल्या झाडांच्या हवाई छायाचित्रांवरून त्याची वाट आखली आणि त्याला एफ-४ दर्जा दिला. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार मीटर उंचीवरही तो पोहोचला होता.

मग डोंगराचा काहीच परिणाम होत नाही का? होतो, पण लोकांना वाटतो तसा नाही. २७ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या आग्नेय भागात टोर्नॅडोंची मोठी मालिका आली. त्यातल्या दोन वाटा ग्रेट स्मोकी पर्वतातल्या राष्ट्रीय उद्यानातून आणि जॉर्जियातल्या वनक्षेत्रातून गेल्या. संशोधकांनी तिथल्या हवाई छायाचित्रांवरून झाडांची पडझड मोजली आणि ती उंचसखलपणाच्या नकाशावर ठेवली. साधारण चित्र असे निघाले, की भोवरा चढ चढताना पडझड कमी होते आणि उतार उतरून दरीकडे येताना ती वाढते. म्हणजे टेकडीच्या आडोशाला, दरीत वसलेले घर सुरक्षित असेलच असे नाही. मात्र हे निष्कर्ष मोजक्याच वादळांवरून काढलेले आहेत. प्रत्येक भोवरा असाच वागेल, असे त्यावरून म्हणता येणार नाही.

या नकाशांत एक फसवी जागाही आहे. जिथे मोडायला काही नाही, तिथे मोडतोड दिसत नाही. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमात एल रेनोजवळ आलेला टोर्नॅडो सुमारे सव्वाचार किलोमीटर रुंद होता आणि फिरत्या रडारने त्यात ताशी जवळजवळ ३०० मैलांचे वारे टिपले. पण तो मोकळ्या रानातून गेला. सापडलेल्या नुकसानीवरून त्याला दर्जा मिळाला तो ईएफ-३. टोर्नॅडोंचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले टिम समारास त्याच वादळात मरण पावले. तेव्हा दर्जाच्या आकड्यावरून धोक्याचा अंदाज बांधताना तो आकडा कशावरून काढला आहे, हे विचारावे लागते. रोगाच्या आकडेवारीतही हाच घोटाळा होतो. जिथे तपासणी होते तिथेच रुग्ण सापडतात.

जमिनीच्या रचनेहून माणसांच्या वस्तीची रचना अधिक जीवघेणी ठरते, हे याच थरांच्या नकाशांनी दाखवले. अमेरिकेत मोबाइल होम नावाचा घरांचा स्वस्त प्रकार आहे. कारखान्यात तयार झालेले घर ट्रकने आणून जागेवर ठेवायचे. त्याला पक्का पाया नसतो, तळघर नसते. गरीब आणि म्हातारी माणसे त्यात मोठ्या संख्येने राहतात आणि टोर्नॅडोत मरणाऱ्यांत त्यांचा वाटा लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त असतो. स्टीफन स्ट्रेडर आणि वॉकर अ‍ॅशली या भूगोलाच्या अभ्यासकांनी कॅन्सस आणि अलाबामा या दोन राज्यांची तुलना केली. टोर्नॅडोंसाठी नाव आहे कॅन्ससचे. तरीही मोबाइल होमना बसू शकणारा फटका अलाबामात साडेचार पट मोठा निघाला. अलाबामात अशी घरे जास्त आहेत आणि ती रानोमाळ विखुरलेली आहेत. कॅन्ससमध्ये ती गावालगत एकत्र आहेत, त्यामुळे तिथे सामाईक निवारा बांधता येतो. विखुरलेल्या शंभर घरांसाठी एक निवारा कुठे बांधणार?

त्यात रात्रीची भर. १९५० ते २००५ या काळातील नोंदींनुसार अमेरिकेतले २७.३ टक्के टोर्नॅडो रात्री आले, पण मृत्यूंपैकी ३९.३ टक्के मृत्यू रात्रीच्या टोर्नॅडोंत झाले. झोपलेल्या माणसाला भोंगा ऐकू येत नाही. आला तरी तळघर नसलेल्या घरातून बाहेर पडून जायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

आता या साऱ्याचा रुग्णालयाशी काय संबंध, ते जॉपलिन शहराच्या उदाहरणावरून कळते. मिझुरी राज्यातल्या या सुमारे पन्नास हजार वस्तीच्या शहरावर २२ मे २०११ रोजी, रविवारी संध्याकाळी साडेपाचनंतर ईएफ-५ दर्जाचा टोर्नॅडो आला. त्याची वाट पस्तीस किलोमीटर लांब होती आणि ती नेमकी भर वस्तीतून गेली. दीडशेहून अधिक माणसे मेली, हजाराहून अधिक जखमी झाली. शहरातले एक मोठे रुग्णालयच वाटेत सापडले. बाहेरच्या भिंती उभ्या राहिल्या, पण खिडक्या फुटल्या, वीज गेली, पर्यायी वीजही बंद पडली आणि व्हेंटिलेटरवर असलेले रुग्ण दगावले. ज्या इमारतीत जखमींना न्यायचे, तिचीच ही अवस्था झाली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने या आपत्तीचा जो अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. पडलेल्या झाडांच्या दिशांवरून त्यांनी जमिनीलगतच्या वाऱ्याचा नकाशा तयार केला, त्यावर इमारतींचा थर ठेवला आणि त्यावर मृत्यूंचा. बहुतेक मृत्यू इमारतींच्या आत, त्या कोसळल्यामुळे झाले होते. लोक उघड्यावर सापडले म्हणून मेले, ही सर्वसाधारण कल्पना तिथे टिकली नाही. इशारा मिळाला होता, वेळही काही मिनिटांचा होता. पण पहिला भोंगा ऐकूनही अनेक जण खात्री करून घेण्यासाठी थांबले, कारण भोंगे तिथे वरचेवर वाजत. पुढे अमेरिकेतल्या इमारतींच्या भाराच्या मानकात टोर्नॅडोसाठी स्वतंत्र प्रकरण आले, त्यामागे या अभ्यासाचा मोठा हात आहे. पूर्वी टोर्नॅडोपुढे कोणाचे काही चालत नाही असे म्हणून तो विचार सोडूनच दिलेला असे.

पण डॉक्टरांच्या दृष्टीने जॉपलिनची गोष्ट वादळानंतर दहा-बारा दिवसांनी सुरू होते. ३ जून रोजी एका स्थानिक डॉक्टरने सार्वजनिक आरोग्य विभागाला कळवले, की टोर्नॅडोत जखमी झालेल्या दोन रुग्णांच्या जखमांत बुरशी वाढते आहे आणि आजूबाजूचे मांस झपाट्याने कुजत चालले आहे. आठवड्याभरात असे आठ रुग्ण झाले. शेवटी एकूण संख्या तेरा झाली आणि त्यातले पाच मरण पावले. रोग होता म्युकरमायकोसिस.

हे नाव महाराष्ट्राला २०२१ नंतर नव्याने सांगण्याची गरज नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नाक, डोळा आणि जबड्याच्या शस्त्रक्रियांनी शासकीय रुग्णालयांचे कान-नाक-घसा विभाग भरून गेले होते आणि अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरत होते. त्या वेळचे रुग्ण बहुतेक मधुमेहाचे होते, अनेकांना स्टेरॉइड मिळालेली होती आणि बुरशी श्वासावाटे नाकात शिरली होती. जॉपलिनमध्ये तसे नव्हते. तेरापैकी फक्त दोघांना मधुमेह होता. प्रतिकारशक्ती खालावलेला एकही नव्हता. धडधाकट माणसांच्या हातापायांत, पाठीत, मांडीत ही बुरशी वाऱ्याने अक्षरशः ठोकून बसवली होती. बुरशीचे नाव अ‍ॅपोफायसोमायसिस ट्रपेझिफॉर्मिस. तिचे राहण्याचे ठिकाण माती आणि कुजका पालापाचोळा.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या पथकाने या तेरा जणांना वादळाने कुठे गाठले ते शोधले आणि ती ठिकाणे नुकसानीच्या नकाशावर ठेवली. तेराही ठिकाणे सर्वाधिक विध्वंसाच्या पट्ट्यात निघाली. एवढ्यावरून उडी मारून चालणार नव्हते, कारण सगळेच गंभीर जखमी साधारण त्याच पट्ट्यातले असणार. म्हणून त्यांची तुलना वादळात जखमी झालेल्या, पण बुरशी न झालेल्या लोकांशी करण्यात आली. तेव्हा दोन गोष्टी ठळक झाल्या. ज्यांच्या शरीरात काही घुसले होते, म्हणजे लाकडाची ढलपी, काटकी, खडा, त्यांना धोका कितीतरी जास्त होता. आणि जखमांची संख्या जितकी जास्त, तितका धोका वाढत होता. बुरशीच्या जनुकांचा क्रम तपासला तेव्हा तिचे चार वेगवेगळे वाण निघाले. सगळ्यांना एकाच रुग्णालयातून, एकाच दूषित पट्टीतून लागण झाली असती, तर वाण एकच निघाला असता. संसर्ग रुग्णालयातून आला नव्हता, तर ठिकठिकाणच्या मातीतून आला होता, हे त्यावरून दिसले. नकाशा, जखमांची नोंद आणि प्रयोगशाळा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून हे कळले. हा अभ्यास डिसेंबर २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला.

यातून खाटेजवळच्या डॉक्टरसाठी निघालेली गोष्ट जुनीच आहे, पण गर्दीत विसरली जाते. मातीने माखलेली जखम घाईने टाके घालून बंद करू नये. भरपूर पाण्याने धुवावी, मेलेले मांस कापून काढावे, जखम उघडी ठेवून एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहावी आणि स्वच्छ दिसली तरच शिवावी. धनुर्वाताची लस द्यावी, ते तर आलेच. प्रतिजैविके चालू असूनही जखमेचा काळपट भाग दिवसागणिक पसरत असेल, तर जीवाणूंबरोबर बुरशीचाही विचार करावा आणि मांसाचा तुकडा तपासायला पाठवावा. १९८५ मध्ये कोलंबियातल्या ज्वालामुखीच्या चिखलाखाली सापडलेल्यांत आणि २००४ च्या त्सुनामीनंतरही अशा बुरशीच्या जखमा आढळल्या आहेत. म्हणजे आपत्ती कोणतीही असो, माती आणि पाणी जोराने शरीरात घुसले की हा धोका असतोच.

अ‍ॅपोफायसोमायसिस या बुरशीचा भारताशी जुना संबंध आहे. विज्ञानाला तिची ओळख झाली ती १९७९ मध्ये, उत्तर भारतातल्या एका आमराईच्या मातीतून. नंतर चंडीगडच्या पीजीआय संस्थेने आणि इतरांनी अपघातातील जखमांत, इंजेक्शनच्या जागी झालेल्या संसर्गांत ती वारंवार नोंदवली. जगात या बुरशीचे जे रुग्ण प्रसिद्ध झाले आहेत, त्यांत भारताचा वाटा मोठा आहे. आणि टोर्नॅडो? तेही या उपखंडाला परके नाहीत. मार्च ते मे या महिन्यांत बंगाल, ओडिशा आणि बांगलादेशात जी कालबैशाखीची वादळे येतात, त्यांतून ते जन्माला येतात. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात दौलतपूर आणि साटुरिया भागात आलेल्या टोर्नॅडोत अंदाजे १३०० माणसे मेली. जगातला हा सर्वांत प्राणघातक टोर्नॅडो मानला जातो. आकडे अंदाजेच आहेत, कारण कोणी नीट मोजलेच नाही. मार्च १९७८ मध्ये खुद्द दिल्लीत विद्यापीठाच्या परिसरातून टोर्नॅडो गेला होता. अलीकडचे उदाहरण ३१ मार्च २०२४ चे. पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात मैनागुडी परिसरात काही मिनिटांच्या वादळाने शेकडो घरे मोडली. किमान चार जण दगावले आणि शंभरावर जखमी झाले.

अशा वादळानंतर आपल्याकडे दोन प्रकारचे कागद तयार होतात. एक महसूल खात्याचा पंचनामा. त्यात घराचे पत्रे किती उडाले, गोठा पडला का, झाडे किती मोडली, याची नोंद असते, कारण त्यावर भरपाई ठरते. दुसरा रुग्णालयाचा केसपेपर. त्यात नाव, वय, लिंग आणि पत्ता. पत्ता म्हणजे माणूस राहतो ते गाव. इजा कुठे झाली, घरात की शेतात, पत्र्याने की झाडाने, हे लिहायला तिथे जागाच नसते. वैद्यकीय-न्यायिक प्रकरण म्हणून नोंद झाली तर घटनास्थळ लिहिले जाते खरे, पण ते पोलिसांच्या उपयोगासाठी आणि रजिस्टरच्या एका ओळीत, हाताने. पंचनामा तहसील कचेरीत राहतो, केसपेपर रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये. या दोन कागदांची गाठ कधी पडत नाही. जॉपलिनमध्ये ती पडली, एवढाच फरक.

पैसा आणि यंत्रसामग्री नाही, हे कारण इथे पुढे करता येणार नाही. नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. इस्रोचे भुवन हे नकाशांचे व्यासपीठ आहे. सेंटिनेलची चित्रे फुकट आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, २०२१ पासून राज्यातला शेतकरी ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभा राहून, जागेच्या नोंदीसह आपल्या पिकाचा फोटो फोनवरून पाठवतो आहे. कपाशीच्या फोटोला जर अक्षांश-रेखांश मिळतात, तर वादळात पाय तुटलेल्या माणसाच्या केसपेपरला ते मिळायला हरकत नसावी. आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तर वादळाचा बळी यासाठी एक्स-३७ हा स्वतंत्र संकेतांक आणि इजेच्या ठिकाणासाठी वेगळे अंक पूर्वीपासून आहेत. वापरले जात नाहीत, इतकेच.

महाराष्ट्रात टोर्नॅडो हा नित्याचा धोका नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. उन्हाळी वळवाच्या वादळात दिसणारी प्रत्येक वावटळ म्हणजे टोर्नॅडो नव्हे; समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफितींनी घाबरण्याचे कारण नाही. पण वळवाच्या पावसात उडणारे पत्रे, अंगावर पडणाऱ्या भिंती, वीज, आणि जून २०२० मध्ये रायगड-रत्नागिरीने पाहिलेले निसर्ग चक्रीवादळ, या सर्वांत जखमा तशाच होतात आणि माती तशीच आत जाते. एखाद्या तालुक्यात पत्र्याने झालेल्या जखमाच जास्त दिसल्या, तर पत्रे बांधण्याच्या हुकांवर खर्च करता येईल. भिंतीखाली सापडलेले जास्त असतील, तर मातीच्या भिंतींच्या घरांचा आधी विचार करता येईल. आज हे ठरवायला हाताशी आकडा नाही, म्हणून साऱ्या तालुक्यांना एकच परिपत्रक जाते.

यात एक काळजी मात्र घ्यावी लागेल. रुग्णाचे ठिकाण नकाशावर टिंब म्हणून छापले, की छोट्या गावात तो कोण हे सगळ्यांना कळते. मूळ नोंद आरोग्य खात्याकडे कुलूपबंद राहावी आणि बाहेर जाताना ती गावाच्या किंवा पट्ट्याच्या पातळीवर एकत्र करून जावी. अमेरिकेतल्या अभ्यासांतही तेच पथ्य पाळले जाते.

सुरुवात लहान करता येईल. जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागातल्या केसपेपरवर इजेचे ठिकाण आणि इजा कशाने झाली, अशा दोन चौकटी वाढवायच्या. ठिकाण गट क्रमांकाने, शाळा किंवा देवळाच्या खुणेने किंवा सोबतच्या नातेवाइकाच्या फोनवरून, जसे जमेल तसे लिहायचे. वादळाच्या दिवशी जखमींची रांग लागलेली असताना निवासी डॉक्टरला हे भरायला वेळ नसतो. ते काम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ड्रेसिंगच्या वेळी परिचारिकेने किंवा समाजसेवा अधीक्षकाने केले तरी चालते. त्याच वेळी जखमेचा रंगही पुन्हा पाहून होतो. जॉपलिनच्या डॉक्टरने पहिले दोन रुग्ण कळवले, तेव्हा वादळाला बारा दिवस झाले होते.